नोंदवही वाढली म्हणजे रोग वाढला का?

नोव्हेंबरात जागतिक मधुमेह दिनाच्या आगेमागे एक बातमी ठरलेली असते. अमुक जिल्ह्यात वर्षभरात इतके हजार नवे मधुमेही आढळले, गेल्या वर्षीपेक्षा इतके जास्त. खाली बदलत्या जीवनशैलीवरचे चार शब्द, मैद्यावर आणि मोबाइलवर ठपका, आणि शेवटी रोज चालण्याचा सल्ला. ज्या तालुक्यात नवे रुग्ण कमी, तो तालुका आपोआप निरोगी ठरतो. हाच हिशेब पुढे आढावा बैठकीत शिरतो आणि चढलेल्या आकड्याचा जाब द्यायची वेळ त्याच माणसांवर येते, ज्यांनी घरोघर फिरून ते रुग्ण शोधलेले असतात.

या समजुतीचा मला प्रतिवाद करायचा आहे. एखाद्या समाजात दरवर्षी प्रौढांमध्ये मधुमेहाची किती नवी निदाने झाली, या आकड्यात रोगाचा वेग असतोच. पण त्याहून जास्त भरलेले असते ते हे, की त्या समाजाने किती जणांचे रक्त तपासले, कोणाचे तपासले आणि कोणत्या चाचणीने तपासले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तर आज नव्या निदानांचा चढता आकडा ही बहुतांशी चांगली बातमी मानली पाहिजे. घोर लागावा तो खालच्या आकड्याचा.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी सांगतो. भारतात मधुमेह खरोखर झपाट्याने जडतो याला भक्कम पुरावा आहे, आणि तो चेन्नईचा आहे. डॉ. व्ही. मोहन आणि डॉ. आर. एम. अंजना यांच्या गटाने 'क्युअर्स' या अभ्यासात मधुमेह नसलेल्या सुमारे १,४०० प्रौढांचा नऊ वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: वर्षाला दर हजारी २२.२ जणांना नव्याने मधुमेह जडला. सुरुवातीला ज्यांची साखर अगदी सामान्य होती त्यांच्यातले १९.४ टक्के लोक मधुमेही झाले. जे आधीच उंबरठ्यावर होते त्यांच्यातले ५८.९ टक्के. हे आकडे भयंकर आहेत आणि त्यांना कोणी सौम्य करू नये. मधुमेहाचा बाऊ केला जातो असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी इथे बोलत नाही.

पण हा २२.२ कसा मिळाला ते पाहा. आधी सगळ्यांचे रक्त तपासून ज्यांना मधुमेह नाही त्यांची यादी केली. मग इतक्या वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठून, तीच चाचणी पुन्हा करून, कोण पलीकडे गेले ते मोजले. तहान लागली म्हणून आलेला, पायाची जखम भरेना म्हणून आलेला आणि काहीच होत नसलेला, असे तिघेही त्यात सापडले. रोगाचा वेग मोजायचा तर असाच मोजावा लागतो. जिल्ह्याच्या नोंदवहीत यातले काहीही घडत नाही. तिथे जो आला त्याची नोंद होते. जो आला नाही त्याला मधुमेह असला तरी तो वहीपुरता निरोगीच.

न आलेल्यांची संख्या किरकोळ नाही. २०१७-१८ साली झालेल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातल्या ९.३ टक्के लोकांना मधुमेह आढळला. त्यांच्यापैकी आपल्याला मधुमेह आहे हे ४५.८ टक्क्यांनाच ठाऊक होते. उपचार घेणारे ३६.१ टक्के, आणि साखर आटोक्यात असलेले अवघे १५.७ टक्के. म्हणजे देशातले निम्म्याहून जास्त मधुमेही कुठल्याच वहीत नाहीत. एवढा मोठा साठा नजरेआड असताना नव्या निदानांचा आकडा वर जाण्यासाठी रोग वाढण्याची गरजच नसते. शोध वाढला की पुरते.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका गावात तिशीवरचे हजार जण आहेत. शंभरांना मधुमेह आहे; ४५ जणांना माहीत आहे, ५५ जणांना नाही. गावात दरवर्षी खरोखर नव्याने मधुमेह जडणारे १५ जण, वर्षानुवर्षे तेवढेच. कोणी शोधत नाही तेव्हा लक्षणे असह्य होऊन दवाखाना गाठणारे आठ जण दरसाल नव्याने नोंदले जातात. मग एका वर्षी घरोघर तपासणी होते आणि दहातले सहा लोक हजर राहतात. दडलेले ५५ आणि त्या वर्षीचे १५ मिळून सत्तर, त्यांतले ४२ सापडतात. आठाचे बेचाळीस झाले, बातमी 'पाचपट वाढ'! पुढच्या वर्षी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या वेळेवर आल्या नाहीत, तपासणी थंडावली आणि सहाच नवे नोंदले गेले. आता बातमी 'सातपट घट'. या दोन्ही वर्षांत गावात रोग जडण्याचा वेग होता तिथेच होता, वर्षाला पंधरा. उलट घट झाली म्हणून ज्या वर्षी पाठ थोपटली गेली, त्याच वर्षी दडलेल्यांत नव्याने भर पडली.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. इंग्लंडसारख्या, घरच्या डॉक्टरांच्या नोंदी संगणकावर चोख ठेवणाऱ्या देशात हे उघड्यावर घडले. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत, तिथे टाइप-२ मधुमेहाची नवी निदाने नेहमीच्या अपेक्षित प्रमाणाच्या ७० टक्क्यांनी घसरली. घरात कोंडलेल्या माणसांचे स्वादुपिंड एका महिन्यात सुधारले असे कोणी म्हणणार नाही. लोक दवाखान्यात गेले नाहीत, रक्त काढले गेले नाही, निदान झाले नाही. त्या वर्षी मार्च ते डिसेंबर या काळात संपूर्ण ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० लोकांचे निदान हुकले किंवा लांबले, असा अंदाज संशोधकांनी मांडला. इंग्लंडमध्ये हे झाकले गेले नाही, कारण आधीच्या दहा वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहायची सोय होती. आपल्याकडे २०२० साली तालुक्या-तालुक्यात किती निदाने हुकली हे विचारायला आधीची रेघच नाही.

चूक उलट्या दिशेनेही होते आणि ती विद्वानांकडूनही होते. अमेरिकेत नव्या निदानांचा दर १९९० साली हजारी ३.२ होता. तो चढत चढत २००८ साली ८.८ वर गेला आणि २०१२ साली ७.१ वर उतरला. त्यानंतरही उतरण राहिली. प्रतिबंधाच्या मोहिमांना यश आले, असा अर्थ अनेकांनी लावला. असेलही त्यात काही तथ्य. पण त्याच काळात त्याच देशात प्रौढांमधल्या लठ्ठपणाचे प्रमाण १९९९-२००० च्या ३०.५ टक्क्यांवरून २०१७-१८ पर्यंत ४२.४ टक्क्यांवर गेले होते. ज्याला मधुमेहाचे मुख्य कारण मानायचे ते वाढते आहे आणि मधुमेह मात्र घटतो आहे, हे कोडे सोडवल्याशिवाय विजयाची घोषणा करता येत नाही. कोड्याचा एक धागा निदानाच्या निकषांत आहे. १९९७ साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली. काल निरोगी असलेली कितीतरी माणसे आज मधुमेही ठरली आणि पुढची काही वर्षे चढण तीव्र दिसली. २०१० साली त्याच संस्थेने एचबीए१सी, म्हणजे आपण ज्याला 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतो ती चाचणी, निदानासाठी मान्य केली, मर्यादा ६.५. ही चाचणी सोयीची, उपाशी राहावे लागत नाही. पण तिच्यात सापडणारी माणसे आणि साखरेचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतल्यावर सापडणारी माणसे सारखी नसतात. डेन्मार्कची राष्ट्रीय नोंदवही जगात उत्तम मानली जाते. तिथेही २०१२ पासून एचबीए१सी निदानासाठी वापरात आली आणि तोवर चढत असलेला नव्या नोंदींचा आलेख त्याच सुमारास खाली वळला.

चाचणीचा प्रश्न भारतात किती टोकाला जातो याचे उदाहरण ताजे आहे. देशात मधुमेही किती? आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अ‍ॅटलासमध्ये उत्तर होते ७.४२ कोटी. आयसीएमआर-इंडियाब या आपल्या सर्वांत मोठ्या अभ्यासाने २०२३ मध्ये सांगितले, १०.१ कोटी. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात 'लॅन्सेट'मधल्या एका जागतिक संकलनाने आकडा दिला २१.२ कोटी. तीन वर्षांत मधुमेह तिप्पट झाला असे मथळे करणे सोपे होते. वस्तुस्थिती अशी की इंडियाबने १,१३,००० हून अधिक लोकांना प्रत्यक्ष गाठून उपाशीपोटीची आणि ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांची साखर मोजली होती. २१.२ कोटींच्या हिशेबात उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी यांपैकी काहीही मर्यादेबाहेर असले, तरी माणूस मधुमेही धरला होता. व्याख्या वेगळी, म्हणून माणसे वेगळी.

एचबीए१सीची आपल्याकडची अडचण आणखी खोल आहे. ती चाचणी लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते, म्हणून पेशी किती जुन्या आहेत यावर तिचे उत्तर हलते. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा वर दिसू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. दुसरीकडे सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मोडतात आणि आकडा खोटा खाली दिसतो. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल ठाण मांडून आहे. तेव्हा एका जिल्ह्याने शिबिरात एचबीए१सी वापरली, शेजारच्याने बोटाच्या रक्तावर ग्लुकोमीटर लावला, आणि मग दोघांची नवी निदाने एका तक्त्यात बसवून क्रमवारी लावली, तर त्या क्रमवारीत रोगाचा वाटा किती हे सांगता येणार नाही. याच सर्वेक्षणातला 'स्त्रियांत १३.५ आणि पुरुषांत १५.६ टक्के' हा आकडाही मधुमेहाचे प्रमाण म्हणून सर्रास सांगितला जातो. प्रत्यक्षात दिवसाच्या कुठल्याही वेळी घेतलेल्या एकाच थेंबात साखर १४० च्या वर निघालेले किंवा औषध घेत असलेले असे सगळे त्यात धरलेले आहेत. जेवून तासाभराने बोट पुढे करणाराही त्यात येऊ शकतो.

आता कोणाचे रक्त तपासले जाते या प्रश्नाकडे येतो. मला सर्वांत जास्त सतावतो तो हाच.

मधुमेह हा खात्यापित्या घरचा, सुटलेल्या पोटाचा रोग, ही समजूत इतकी रुजली आहे की ती स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. जाड माणसाला सगळेच म्हणतात, एकदा शुगर बघून घे. सडपातळ माणसाला कोणी म्हणत नाही. तो तपासत नाही, म्हणून सापडत नाही, म्हणून वहीत जाड माणसेच जास्त दिसतात आणि समजूत पक्की होते. तिला छेद देणारे काम पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्या गटाने पुणे परिसरातली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडचे ३.५. पण हलक्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत होती. पुढे २००४ साली 'लॅन्सेट'ने याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचे छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते तिथे एका चित्रात दिसले.

ती खेड्यातली बाळे आता मोठी झाली आहेत. अठराव्या वर्षी त्यांचे रक्त तपासले तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर प्रमाणाबाहेर निघाली. बहुतेकांची मधुमेहपूर्व पातळीवर. शहरी आळशीपणाचा शिक्का मारावा अशी ही मुले नव्हेत. लहान, सडसडीत, शेतकऱ्यांच्या घरची. ठरवून तपासली नसती तर कुठल्याही वहीत यांची नोंद इतक्यात झाली नसती.

गावातल्या तपासणीचा दिवस जवळून पाहिला की गाळणी कुठे आहे ते कळते. आशाताई सीबॅक फॉर्म भरून घेतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटे अंगमेहनत होते का, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. प्रत्येकाला गुण. तपासणी तिशीवरच्या सगळ्यांचीच व्हायची असली तरी बेरीज चारच्या वर गेली त्यांना आधी या म्हणून आग्रह होतो. बेचाळीस वर्षांचा, तंबाखू न खाणारा, अंग मोडून काम करणारा, कंबर आत असलेला मजूर या बेरजेत चारच्या बराच खाली राहतो. त्याच्यामागे कोणी लागत नाही. तपासणी दुपारी असते, तो रानात असतो. ओट्यावर रांगेत बसतात त्या बाया आणि म्हातारी माणसे. कोयत्याची उचल घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेली जोडपी तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावच्या यादीत असतात आणि गावात नसतात. फडाच्या गावच्या यादीत ती कधीच नसतात. बोटाच्या थेंबात १४० च्या वर आले तरी पक्के निदान तिथे होत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे, उपाशीपोटी, म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडून. जो गेला नाही तो 'संशयित'च राहिला. नव्या रुग्णांत मोजला गेला नाही. अशा माणसाचे निदान पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी होते, क्षयाच्या औषधांसोबत होते, किंवा पायाचा अंगठा काळा पडल्यावर होते.

शहरात गाळणी वेगळी. तिथे लोक खाजगी लॅबमध्ये जातात आणि ती निदाने सरकारी वहीत पोचतच नाहीत. क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. मधुमेहाचे तसे नाही. परिणामी सरकारी आकड्यात पुण्या-मुंबईच्या सधन वस्त्या जवळजवळ अदृश्य आणि खेड्यात न तपासलेले अदृश्य. उरलेल्या तुकड्याला आपण 'जिल्ह्यातील मधुमेहाची वाढ' म्हणतो. इंडियाबने सर्वांना सारखे मोजले तेव्हा चित्र उलटे निघाले होते. २०१७ च्या अहवालात प्रगत राज्यांच्या शहरांत गरिबांमध्ये मधुमेह श्रीमंतांपेक्षा जास्त आढळला. चंदीगडच्या शहरी भागात खालच्या आर्थिक स्तरात २६.९ टक्के, वरच्या स्तरात १२.९.

इथे कोणी म्हणेल, इंडियाबचे आकडे तरी निखळ रोगाचे आहेत ना? मग गोव्याचे २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशचे ४.८ यांतून गोवेकरांच्या राहणीचा निष्कर्ष काढायला काय हरकत? हरकत आहे. तो आकडा आज हयात असलेल्या सगळ्या मधुमेह्यांचा आहे. माणूस मधुमेहासह तीस वर्षे जगला तर तो तीस वर्षे त्यात मोजला जातो. उपचाराविना पाच वर्षांत गेला तर आकडा आपोआप 'सुधारतो'. गोव्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६२ टक्के लोक शहरी आणि ११.२ टक्के साठीपुढचे; उत्तर प्रदेशात साठीपुढचे ७.७ टक्के. वय आणि आयुर्मान यांचा वाटा वजा न करता गोव्याला दोष देणे म्हणजे म्हातारपणापर्यंत माणसे जगवल्याबद्दल दोष देण्यासारखे आहे. त्याच अभ्यासात उत्तर प्रदेशात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक १८ टक्के निघाले, मधुमेह्यांच्या जवळजवळ चौपट. चेन्नईचा अनुभव पाहता यांच्यातले बरेच जण दहा वर्षांत पलीकडे जातील. ४.८ हा आकडा पाहून तिथल्या कोणी निर्धास्त झाले असेल, तर ते फार महागात पडेल.

माझ्या म्हणण्यावर खरा वजनदार आक्षेप याहून वेगळा आहे. रुग्ण जास्त सापडले म्हणून चांगले कसे? शोधून कोणाचा जीव वाचतो? इंग्लंडच्या पूर्व भागात 'अ‍ॅडिशन-केंब्रिज' ही चाचणी झाली. चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या, जोखीम जास्त असलेल्या २०,००० हून अधिक लोकांत काही दवाखान्यांनी बोलावून तपासणी केली, काहींनी केली नाही. साधारण दहा वर्षांनी मृत्यूंत फरक आढळला नाही. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून सरसकट तपासणीला विरोध करणारे त्याचाच आधार घेतात. आधार खरा आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही.

पण तिथली परिस्थिती पाहावी. बोलावलेल्यांत नव्याने मधुमेही निघाले ते तीन टक्क्यांच्या आसपास. न तपासलेल्या गटाचेही डॉक्टर ठरलेले होते, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे मिळत होती, आणि लक्षणे फार वाढण्याआधी निदान नेहमीच्या वाटेने होतच होते. शोधाने वाचवायचे असे तिथे थोडेच उरले होते. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांना पत्ताच नाही, आणि नेहमीची वाट म्हणजे काळा पडलेला अंगठा. लवकर उपचाराने काय साधते हे त्याच ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने १९९८ साली दाखवले आहे: नुकतेच निदान झालेल्यांची साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड यांसारखे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले, आणि पुढच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही त्या सुरुवातीच्या उपचाराचा फायदा टिकून होता. मृत्यू हा एकच मापदंड धरला तर गेलेली दृष्टी हिशेबात येत नाही.

या आक्षेपातला एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो. शोधून पुढे औषध देणार नसू तर शोधू नये. रुग्ण सापडला, कार्ड मिळाले आणि पुढच्या महिन्यात मेटफॉर्मिन संपलेले, असे जिथे होते तिथे नव्या निदानांच्या वाढीला चांगली बातमी म्हणण्याचा माझा आग्रह नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात मोजायचे होते ते उपचारावर असलेले लोक, आणि ही दिशा मला योग्य वाटते.

प्रश्न उरतो तो खऱ्या वेगाचा, कारण तो कमी करता येतो. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचे गट पाडले होते. ज्यांना फक्त सर्वसाधारण सल्ला मिळाला त्यांच्यातले ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्या आहाराचा आणि चालण्याफिरण्याचा नेटाने पाठपुरावा झाला त्यांच्यातले ३९.३ टक्के. हा फरक दिसला तो त्याच माणसांचे रक्त ठरावीक काळाने त्याच रीतीने पुन्हा तपासले म्हणून. नोंदवहीत दिसला नसता.

तेव्हा जिल्ह्याच्या अहवालात नव्या रुग्णांच्या आकड्याशेजारी निदान चार गोष्टी छापल्या पाहिजेत. तिशीवरचे किती जण त्या वर्षी तपासले, त्यांत पुरुष किती, कोणती चाचणी लावली, आणि गेल्या वर्षी सापडलेल्यांपैकी किती जण आज औषधावर आहेत. ही सगळी माहिती फॉर्मांत पडून आहे. बेरीज तेवढी करायची आहे. रोगाचा वेग मात्र यातूनही मिळणार नाही. त्यासाठी प्रत्येक महसुली विभागात मोजकी गावे आणि मोजक्या शहरी वस्त्या निवडून, तिथल्या त्याच प्रौढांना दर तीन वर्षांनी उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतर तपासावे लागेल, फडावर गेलेल्यांना फडावर गाठून. हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. पुण्याजवळ वढू परिसरातल्या बावीस गावांत केईएमचे संशोधक २००२ पासून घराघरातले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नियमित टिपत आले आहेत. तशा यादीवर साखरेची चाचणी चढवली, तर विदर्भात, मराठवाड्यात आणि कोकणात मधुमेह कोणत्या वेगाने आणि कोणाला जडतो आहे याचे महाराष्ट्राचे स्वतःचे उत्तर सहा वर्षांत हाती येईल.